दार न वाजवणारा फार्कर

आमच्या लॉखवर, म्हणजे डोंगरात शिरलेल्या खाडीवर, होडी हाकणारे आता दोघेच उरलेत, आणि दुसऱ्याचं नाव मी घेत नाही, कारण तो जे करतो त्याला हाकणं म्हणत नाहीत. मी टॉर्किल मॅकॅकर्न. चौदाव्या वर्षी शाळा सोडली. मीही पुन्हा तिकडे बघितलं नाही आणि शाळेनेही कधी बोलावणं धाडलं नाही. पण लिहायला बसलोय ते माझ्याबद्दल नाही, माझ्या धाकट्या भावाबद्दल, फार्करबद्दल. त्याच्यासारखा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही. वाढवला कोणी? मी.

मी इकडे बेटावर राहतो, फार्कर पाण्यापलीकडे. तिथे आमच्या बापाची मेंढरं चरायची. आता सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी लाकडी लॉज बांधलेत. मोठमोठ्या काचा, समोर बेटं, बेटांवर लोळत पडलेले सील. लोक येतात, आठवडाभर काचेतून बघतात आणि जातात. लाकडं फोडायची, गॅसचे सिलिंडर बदलायचे, पाहुण्यांना सील दाखवून आणायचे, सगळं फार्कर करतो. त्याबद्दल त्याला पगार आणि राहायला वळणावरचं लहानसं घर. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून एकटाच.

आता आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे. आम्ही कोणाच्या घरी गेलो की दार वाजवत नाही. कडी उचलायची, ‘आहे का कोणी?’ म्हणायचं आणि विस्तवाजवळ जाऊन बसायचं. दार वाजवतो तो पाद्री, पोलीस, नाहीतर जमीनदाराचा माणूस. आमच्या घरी दार वाजलं होतं ते बाप बुडाला त्या दिवशी. नंतर कधी वाजलं नाही.

तर फार्कर लॉजमध्ये तसाच जायचा. संध्याकाळी लाकडाचा भारा घेऊन कडी उचलायची, शेगडी नीट करायची आणि शेजारी बसायचं. त्याला वाटायचं, आपल्या जमिनीवर माणसं आलीत, त्यांच्याकडे बसायला नको का? एकदा एक बँकवाला साहेब नुसत्या टॉवेलवर सापडला. फार्कर त्याला म्हणाला, “बसा की. उभे का?”

सगळेच दचकायचे असं नाही. लांबच्या प्रेस्टन शहरातल्या एक बाई होत्या, हिल्डा ॲथरटन. नवऱ्याची बेकरी होती. आधी दोघं यायची, मग नवरा गेला आणि दर सप्टेंबरला त्या एकट्या यायला लागल्या. फार्कर पहिल्यांदा आत शिरला तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि खुर्चीवरचं विणकाम उचलून त्याला जागा करून दिली. बस्स. मग रोज संध्याकाळी हा तिथे.

मी चिडवायचो, “काय रे फारक्या, काय बोलता एवढं?”

“बोलत नाही दादा. बसतो.”

“इतका वेळ?”

“तुला नाही कळायचं. तू बसलास तरी बोलतोस.”

हे मात्र खरं आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं असतं.

मग एका उन्हाळ्यात लंडनहून एक कुटुंब आलं. बाई न्हाऊन बाहेर आल्या तर शेगडीपाशी अनोळखी माणूस बसलेला. त्यांनी किंकाळी फोडली आणि वर तक्रार केली. लॉजच्या मॅनेजर, मिस ड्रायबर्ग, फार्करला म्हणाल्या की यापुढे दार वाजवायचं, आतून ‘या’ म्हणेपर्यंत थांबायचं आणि काम झालं की निघायचं. पुन्हा असं झालं तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर घरही.

मी होडी काढून त्यांना सुनावायला गेलो. चांगलं सुनावलं. आम्ही इथे किती पिढ्यांचे, माझा भाऊ कसा सोन्यासारखा, सगळं. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, “मिस्टर मॅकॅकर्न, तुमचा भाऊ चांगलाच आहे. पण लोक इथे एकटं राहायला मिळावं म्हणून पैसे मोजतात.”

हे मी फार्करला सांगितलं. तो म्हणाला, “एकटं राहायचे पैसे पडतात होय? मग मी लईच श्रीमंत माणूस आहे, दादा.”

त्याला वाजवायला शिकवायचं मी मनावर घेतलं. मी आत बसलो, त्याला बाहेर उभं केलं. किती वेळ काही आवाजच नाही. दार उघडून बघतो तर हात वर धरून तसाच उभा.

“अरे वाजव की.”

“पाद्र्यासारखं वाटतंय. आतला माणूस विचारेल, कोण गेलं म्हणून.”

“तिकडच्या लोकांना नाही तसं वाटत.”

“मला वाटतं ना.”

शेवटी त्याने सोपा मार्ग काढला. आत जाणंच बंद. लाकडं पायरीवर ठेवायची आणि वळायचं. दुरुस्तीची कामं पाहुणे फिरायला गेले की उरकायची.

सप्टेंबरात हिल्डाबाई आल्या. लाकडं पायरीवर. दुसऱ्या दिवशीही पायरीवर. याला आपल्या खिडकीतून त्यांचा दिवा दिसत होता. मी म्हटलं, “जा ना. वाजव आणि जा.”

“त्यांचं दार वाजवू? म्हणजे मी परका झालो म्हणून सांगितल्यासारखंच की.”

“मग न वाजवता जा.”

“आणि घर गेलं तर तुझ्याकडे येऊन राहू? तुझ्या गोष्टी ऐकत?”

हसला, पण गेला नाही. असा आठवडा सरला. बाईंच्या शेवटच्या दिवशी याच्या हातून चूक झाली. दुसऱ्या एका लॉजमध्ये नळ गळत होता, तिथे सवयीने कडी उचलून आत गेला. आत माणसं जेवत होती. कोणी काही बोललं नाही, पण हा घरी आला तो घाबराघुबरा होऊन. दिवे लागायच्या वेळेला त्याचं दार वाजलं. याला वाटलं, मॅनेजर आली, संपलं आता. त्याने दिवा घालवला आणि भिंतीला टेकून बसला. दार पुन्हा वाजलं. मग पावलं गेली.

सकाळी हिल्डाबाई माझ्या होडीत बसल्या, धक्क्यावर गाडी पकडायला. पाणी खवळलेलं होतं, पण माझ्या होडीत कपातला चहा सांडत नाही. त्या बेटांकडे बघत म्हणाल्या, “काल तुमच्या भावाकडे गेले होते. दार वाजवलं. घरातच होते ते, धुराड्यातून धूर येत होता. उघडलं नाही. असू दे, प्रत्येकाला कंटाळा येतो.”

“तुम्ही दार वाजवलंत?”

“मग काय करायचं असतं?”

मी त्यांना सगळं सांगितलं. पाद्री, पोलीस, बाप, मिस ड्रायबर्ग. होडी वळवायला लागलो. त्यांनी माझ्या बाहीला धरलं.

“नको, गाडी चुकेल. पुतणी न्यायला येणार आहे.” मग बाही सोडून म्हणाल्या, “माझ्याकडेही आता जो येतो तो वाजवूनच येतो. त्यांना सांगा, पुढच्या वर्षी मी सरळ कडी उचलून येईन.”

मी फार्करला निरोप दिला. त्या हिवाळ्यात त्याने स्वयंपाकघर रंगवलं, दुसरी खुर्ची केली आणि कडीला तेल घालत बसला. मी जेवायला बोलावलं की म्हणायचा, “नको दादा, काम आहे.” काम कसलं, लॉज सगळे बंद. नुसता अंधार आणि वारा.

सप्टेंबर आला. हिल्डाबाईंच्या नेहमीच्या लॉजमध्ये कुत्रा घेऊन एक जोडपं उतरलं. मिस ड्रायबर्गनी सांगितलं, मिसेस ॲथरटनचे गुडघे गेलेत, त्या आता घराबाहेर पडत नाहीत. फार्कर “बरं” म्हणाला आणि कुत्र्यासाठी जुनी सतरंजी नेऊन दिली.

पाहुण्यांचा हंगाम संपला. मी त्याला मदत करायला पलीकडे गेलो. पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून सगळ्या लॉजमधलं पाणी सोडून द्यायचं असतं. बघतो तर हा पहिल्या लॉजचं दार वाजवतोय. थांबला, मग आत गेला. पुढच्या लॉजलाही तेच.

“आत कोण आहे रे?”

“कोणी नाही.”

“मग?”

“प्रेस्टनला सगळी दारं बंद असतात म्हणे. हात बसायला पाहिजे.”

आमच्या फार्करने आयुष्यात कधी गाडीने जाऊन बाहेर रात्रीचा मुक्काम केला नव्हता. बापाचा कोट घालून प्रेस्टनला गेला. मीच धक्क्यावर सोडला आणि परत आला तेव्हा मीच आणायला गेलो. होडीत बसला. मी कुठवर दम धरणार?

“घर सापडलं?”

“सापडलं.”

“वाजवलंस?”

“वाजवलं. नीट वाजवलं, दादा. दोनदा. मग थांबलो.”

“आणि?”

“काठी टेकत आल्या. दार उघडलं आणि रागावल्या. म्हणाल्या, तुम्ही? तुम्ही कशाला वाजवलंत?”

मला हसू आलं. तो हसला नाही.

“मग काय केलंत?”

“बसलो. गाडीची वेळ होईपर्यंत.” तो पाण्याकडे बघत होता. “त्यांच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. बाकी काही नाही.”

“पुन्हा जाशील?”

“लांब आहे रे. आणि त्या आता पुतणीकडे राहायला जाणार आहेत. तिकडे तिची माणसं असतील.”

मी म्हटलं, आज माझ्याकडेच चल, मासे आहेत, बटाटे आहेत. एरवी नको म्हणतो तो, तेव्हाही नको म्हणाला. मी त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवलं. बंद लॉजच्या काचांमध्ये ढग दिसत होते. तो त्यांच्या समोरून चालत वर गेला, आपल्या घराची कडी उचलली आणि दारातच थांबून आत तोंड करून म्हणाला, “आहे का कोणी?”

मग आत गेला. मी धुराड्यातून धूर येईपर्यंत होडी तिथेच धरून ठेवली.