दारातल्या चपला

सकाळी सुलभाताईंच्या दारात एकच चपलांचा जोड दिसला आणि मी ओशाळलो. काल तिथे ढीग होता. त्यांच्या मुलीच्या टीमने बनवलेल्या इंजिनाचं रॉकेट टीव्हीवर उडताना बघायला आम्ही शेजारी त्यांच्याकडे जमलो होतो. इंजिन मध्येच बंद पडलं आणि तो ढीग बघता बघता ओसरला. मिरवायला आलेली माणसं किती पटकन परकी होतात. मीही उठलो. तेवढ्यात ताई पेढे घेऊन दारापर्यंत आल्या.

"बाहेरचे देश इंजिन देईनात, म्हणून तर पोरांनी स्वतः करायला घेतलं. एखादं बिघडायचंच. तोंड गोड करून जा."

पेढा घेताना माझी मान खाली गेली. चपला मी आधीच पायांत सरकवल्या होत्या.