रेकॉर्डची दुसरी बाजू

रानशेतचे लडक्याकाका तारपा वाजवतात. सुक्या भोपळ्याचं हे वाद्य एकदा तोंडाला लावलं की नाच संपेपर्यंत काढत नाहीत. मधे श्वास कधी घेतात, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

कापणी उरकल्यावर मी त्यांच्या खळ्यात रेकॉर्ड प्लेअर नेला. डहाणूच्या भंगारात मिळालेली रेकॉर्ड होती, साठच्या दशकात परदेशात हजारो लोकांसमोर वाजवलेल्या रॉकची. ड्रम सुरू झाले, गर्दी ओरडली, तसे काका ताडकन उठले.

"एवढी माणसं जमलीत, नि आपण बसून राहायचं?"

त्यांची सून चंद्रिका आली, शेजारणी आल्या, हात गुंफले गेले आणि फेर धरला. नाच ऐन रंगात आला आणि रेकॉर्डची बाजू संपली. मी ती उलटायला धावलो.

"नाच मधेच तोडतात होय रे?" काका खेकसले आणि त्यांनी तारपा फुंकला. ठेका तोच. एकीचंही पाऊल चुकलं नाही. माझी सुई मात्र घाईत जागेवर बसेना.

शेवटी बसली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीलाच टाळ्यांचा कडकडाट झाला.

काकांनी तारपा खाली घेतला, घाम पुसला आणि प्लेअरकडे बघून मान लववली.

"आवडलं त्यांना," ते म्हणाले.