डोकशातलं पानी

वॉर्डात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सकाळचा राऊंड संपेपर्यंत एखादा पदरात पडलेलाच असतो! सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी वर्ध्याला मेडिसिन वॉर्डात शिकाऊ डॉक्टर, म्हणजे हाऊसमन, होते. (बाई असले तरी हाऊसमनच!) आमच्या सरांचा एकच हेका. "म्हातारा माणूस पाय घासत चालतो, कपडे ओले करतो, विसरतो, की लगेच 'वय झालं' म्हणू नका. डोक्यात पाणी साचलंय का बघा!" मग काय, जिल्हाभरातले असे म्हातारे आमच्याकडेच.

*

कारंजा घाडगेचा एक ढाबेवाला वडिलांना घेऊन आला. सरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं. "मेंदूत पाणी सगळ्यांच्याच असतं. रोज नवं तयार होतं, जुनं रक्तात जिरतं. उतारवयात कुणाकुणाचं नीट जिरत नाही. मग आतल्या पोकळ्या फुगतात, मेंदूवर ताण येतो..." असं बराच वेळ चाललं.

ढाबेवाला शांतपणे म्हणाला, "म्हंजे नाली चोकअप झाली म्हना ना, साहेब!"

सरांनी चित्र चुरगळून टाकलं. पुढच्या पेशंटला त्यांनी नालीपासूनच सुरुवात केली!

*

केळझरच्या एका आजीला घरच्यांनी पाणी द्यायचंच बंद केलं होतं. मुलगा म्हणाला, "डोकशात पानी चढलं म्हनता, मंग अजून पाजाचं काऊन?"

मी समजावलं, की पिण्याच्या पाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. "पण मग आजी, तहान लागली की काय करत होता?"

"चाहा पेत होतो!" आजी खुशीत.

सून हळूच म्हणाली, "आता पानी सुरू करा म्हनून सांगून फायदा नाई जी तिले. चाहा सोडाची नाई ते!"

*

त्या वर्षी दिल्लीत सरकारं पडत होती. सरांनी एका रिटायर्ड मास्तरांची स्मरणशक्ती तपासायला ठरलेला प्रश्न टाकला, "पंतप्रधान कोण?"

मास्तर म्हणाले, "काल कोन होता ते मी सांगतो. आज कोन आहे, ते तुमी सांगा!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरकडे. सरांनी केसपेपरवर लिहिलं, "मेमरी नॉर्मल."

*

जाम गावचे एक किराणावाले शेठ. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. उचलतच नसत. सर म्हणाले, "कमरेतून सुईने थोडं पाणी काढू. मग चालून दाखवा."

"कमरेतून? पानी तं डोकशात आहे ना?" शेठनी गुडघ्यावर थाप मारली. "दात दुखला तं टोंगळा उपडता का तुमी?"

डोक्यातलं पाणी पाठीच्या कण्यापर्यंत उतरतं, हे सांगून सांगून कसंबसं पटवलं आणि पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी राऊंडला पाहतो तर खाट रिकामी! सगळीकडे धावाधाव. शेठ सापडले एसटी स्टँडवर, जामच्या गाडीत, खिडकीजवळ.

"शेठ, हे काय?"

"तुमीच तं म्हनलं, चालून दाखवा!"

*

सुईचा गुण थोडे दिवसच टिकतो. कायमचा इलाज म्हणजे डोक्यातून पोटात उतरवलेली बारीक नळी. त्यासाठी आम्ही पेशंटला नागपूरला पाठवायचो. समुद्रपूरकडच्या महादेवरावांना असंच पाठवलं. घरच्यांनी म्हातारपण म्हणून त्यांची आशा सोडली होती. त्यांची बायको गिरजाबाई तेवढी हटून बसली. "वय तं माहंबी झालं. मंग मी काऊन नाई पाय घासत?" असं मुलांना सुनावून तिनेच त्यांना बैलगाडीत घालून आणलं होतं.

ऑपरेशननंतर महादेवराव तपासणीला आले ते काठीशिवाय. धोतर कोरडं. नातवांची नावं सांगितली, बैलांचीही सांगितली. सर तर लहान मुलासारखे खूश! गिरजाबाई मात्र गप्प.

महादेवराव कपडे घालायला पडद्याआड गेले, तसं मी विचारलं, "बाई, आता काय झालं?"

"देवावानी केलं जी तुमी. सगडं आठवते त्याहिले. पन आमच्या लग्नाच्या पंगतीत माह्या भावानं ह्यायले आधी वाढलं नाई. तवापासून भावाले आमच्या घरी पाय ठेवू देल्ला नाई. या बिमारीत हे ते भांडन भुलले. मांगच्या दिवाळीले माहा भाऊ आला, तं ह्यायनंच हात धरून पाटावर बसवला. एवढ्या वर्षांत पयल्यांदा ओवाळलं मी त्याले."

"आणि आता?"

"आता तं कोन्या पोरानं वरन वाढलं होतं, तेबी आठवते."

तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू विचारलं, "डॉक्टरीनबाई, भाऊबीजेपुरतं थोडंसं पानी वापस टाकता येते का जी?"