सासऱ्यांच्या खोलीतला फोटो

तुम्ही म्हणाल, बायको जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि हा माणूस स्वतःच्या फजितीचे किस्से काय सांगत बसलाय! पण माझा इलाज नाही. हा किस्सा मी सांगितला नाही तर शालनताई सांगतात, आणि त्या सांगताना तिखटमीठ लावतात. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, गार होतोय.

शालनताई म्हणजे माझी मोठी मेव्हणी. सुमनची सख्खी बहीण, राहायला फणसवाडीत. सुमन गेल्यावर दर रविवारी त्या दादरला आमच्याकडे यायच्या. यायच्या, स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडून नाकं मुरडायच्या आणि मग दोन तास सुमनच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. लालबागच्या चाळीत ती कशी जिन्याच्या कठड्यावरून घसरायची, शिमग्याला कोणाकोणाच्या दाराला काय काय बांधायची. मी नुसता ऐकायचो. आमचा मुलगा बंगलोरला. त्याचा फोन येतो, पण आईचा विषय आला की आम्ही दोघंही हवापाण्यावर बोलू लागतो. थोडक्यात, घरात सुमनचं नाव घेणारं माणूस ते एकच.

आणि त्या माणसाने येणं बंद केलं.

कारण मीच. माझे सासरे, गोविंद घाडी, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संपात घरी बसले ते बसलेच. पुढे चाळ पाडली, तेव्हा त्यांच्या खोलीतलं सामान आमच्याकडे आलं. लोखंडी खाट, पत्र्याची ट्रंक, स्टो, साच्यातला एक धोटा, असलं सगळं. तर एका बंद गिरणीच्या उरलेल्या इमारतीत कोणी उत्साही मंडळी छोटं संग्रहालय करत होती. त्यांना ‘गिरणी कामगाराची खोली’ उभी करायची होती. त्यांचा माणूस आला, मी सगळं देऊन टाकलं. ताईंना न विचारता! त्यांना ते कळलं फार उशिरा, शेजारणीकडून. त्या मला एकच वाक्य बोलल्या, “एवढी घाई कसली झाली होती, भावोजी?” आणि अबोला.

गिरण्यांचा संप अजून कोणी रीतसर मागे घेतलेला नाही, असं जुने कामगार सांगतात. घाडींच्या मुलीचा अबोला त्याच जातीचा. सहा महिने झाले, आठ झाले. रविवार फार लांब असतो हो. हे मला आधी माहीत नव्हतं.

शेवटी मीच फोन केला. म्हटलं, “ताई, बाबांची खोली बघायला चला. एकदा डोळ्यांनी बघा, मग वाटेल ते बोला.”

 पलीकडून आलं, “येते. बाबांना बघायला येते. तुम्हाला नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवायचं कारण नाही, पण माझ्या मात्र ते चांगलंच लक्षात राहिलंय.

त्या संग्रहालयाच्या तिकिटात आसपासच्या भागाची फेरीही होती. चिंचपोकळीपासून पायी. दहाबारा माणसं, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि पुढे मधुरा नावाची हसतमुख मुलगी माहिती सांगत. मी रात्री नीट झोपलो नव्हतो. ऊन वर येत होतं, पाय जड झाले होते. ताईंचा गुडघा दुखत होता, हातात काठी होती, पण तोंड ठणठणीत.

“ह्या चाळींमध्ये एकेका खोलीत पंधरा-पंधरा कामगार राहायचे,” मधुरा म्हणाली.

“सतरा,” मागून ताई. “पावणे वेगळे.”

“आणि हा कोपरा म्हणजे मोरी. त्यांचं बाथरूम.”

“बाथरूम काय! भांडी तिथेच, कपडे तिथेच, रुसून बसायचं तेही तिथेच.”

लोक हळूहळू मधुराला सोडून ताईंच्या भोवती गोळा व्हायला लागले. ताईंचा चेहरा खुलला. मला वाटलं, जमतंय! आता खोली बघितली, वडिलांचा फोटो बघितला, की चार टिपं गाळतील आणि पुढच्या रविवारी येतील. माझं सगळं लक्ष त्या रविवारावर.

संग्रहालय वरच्या मजल्यावर. जिना चढून ताई धापा टाकत बाकावर बसल्या. “तुम्ही व्हा पुढे. मी येते.”

मी पुढे झालो. ती खोली मीसुद्धा पाहिली नव्हती. सामान दिलं खरं, पण तिकडे पाय वळले नव्हते. दारात पोचलो आणि खरोखर थांबलो. तीच खाट, तोच स्टो. दारात एक दोरी बांधली होती, आणि समोरच्या भिंतीवर खाटेच्या वर फोटो. चंदनाचा हार घातलेला. खाली पाटी: ‘कै. गोविंद घाडी, साचेखाते.’

आणि फोटोत मी!

हो, मीच. सव्विसाव्या वर्षीचा. डोक्यावर भरगच्च केस, ओठावर मिशी, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. लग्न ठरवण्यासाठी दादरच्या स्टुडिओत काढलेला हा फोटो सुमनने पुढे हौसेने मोठा करून घेतला होता. म्हणायची, “केस होते त्याचा पुरावा नको का?”

काय झालं ते उभ्या उभ्या लक्षात आलं. घराला रंग दिला तेव्हा सुमनने दोन फ्रेमा, ही आणि बाबांची, वेगवेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. एकाच मापाच्या. वरून सुतळी, सुतळीला तिच्या हातची गाठ. माणूस सामान न्यायला आला तेव्हा ती गाठ सोडवून आत बघायला हवं होतं. मी नाही सोडवली. वरचं पुडकं उचललं आणि दिलं.

आता? ताई जिन्यापाशी बसलेल्या. वडिलांना बघायला आलेल्या. आणि वडिलांच्या जागी हार घालून मी! दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, सरळ जाऊन सांगावं. पण आठ महिन्यांच्या अबोल्यानंतर ही गोष्ट कशी सांगतात, तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं.

मी दोरी ओलांडली.

ओलांडताना चपला दाराबाहेर काढल्या. का, ते विचारू नका. सासऱ्यांच्या खोलीत चपला घालून कोणी गेलेलं नाही, जावई तर नाहीच. चोरी करायला चाललेला माणूसही त्या दारात चपला काढून गेला असता.

खाटेवर चढून फोटो काढायला गेलो, तर तो खिळ्यांनी पक्का ठोकलेला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. खाली उतरलो, फोटोला पाठ लावून उभा राहिलो. पण फोटो माझ्या डोक्याच्याही वर. डोक्यामागून हार दिसत असणार, म्हणजे थोडक्यात हार मलाच घातल्यासारखा.

“काका! आत जायचं नाही, प्लीज. सगळं ओरिजिनल आहे,” मधुरा दारात.

“मी… घरचाच आहे,” मी म्हटलं. हे तर खरंच होतं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. तिचे डोळे विस्फारले. “अय्या! नाक तर डिट्टो! काका, तुम्ही ह्यांचे मुलगे?”

इथे नाही म्हणायचं होतं. सोपं होतं. पण मागे जिन्यापाशी ताईंच्या काठीचा आवाज आला आणि माझ्या तोंडून निघालं, “हो.”

झालं! “घाडींचे चिरंजीव आलेत,” ही बातमी मजलाभर पसरली. मधुराने आपल्या हाताने दोरी सोडली. लोक आत यायला निघाले, तर दारात माझ्या चपला. त्या बघून पुढच्या बाईंनी आपल्या काढल्या. त्यांचं बघून मागच्यांनी बूट काढले. आपल्याकडे हे असंच असतं. एक जोड बाहेर दिसला की आत देव आहे, असं गृहीत धरतात. दोन मिनिटांत दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि एक आजीबाई पदर डोक्यावर घेऊन खाटेपाशी आल्या. त्यांनी फोटोला वाकून नमस्कार केला.

मला! माझ्यादेखत!

“शांत मुद्रा आहे हो,” आजी म्हणाल्या. “भोगलेलं दिसतंय.”

त्या फोटोत मी काय भोगलं होतं? स्टुडिओवाल्याने अर्धा तास मान वर करायला लावली होती, तेवढंच.

“काका, वडिलांची एखादी आठवण सांगा ना,” मधुरा म्हणाली.

आता मात्र मी दमलो होतो. खरोखर दमलो होतो. खाटेच्या कडेवर टेकलो आणि सांगायला लागलो. घाडी माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, कापडाकडे बघायचे. मुलगी बघायला आलेल्या जावयाची बाही त्यांनी दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, उभा ताणा बरा आहे, आडवा बाणा ढिला आहे. आणि आत निघून गेले. संप लांबला, गिरणी बंद झाली, तरी रस्त्यात ओळखीपाळखीचं कोणी भेटलं की आधी त्याचा सदरा चाचपायचे. कापड परमुलखातलं निघालं की दिवसभर बोलायचे नाहीत.

 मी वर पाहिलं. दारात ताई उभ्या होत्या. अनवाणी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. फोटोकडे बघत होत्या.

मी उभा राहिलो. “मंडळी,” मी म्हटलं, “माफ करा. मी मुलगा नाही. मी जावई आहे. आणि हा फोटो घाडींचा नाही. हा माझा आहे.”

कोणी हसलं नाही. मधुरा जवळ आली. “काका, बसा तुम्ही. कोणीतरी पाणी द्या ना! उन्हातून चालून आलेत.”

“अहो, मी खरंच सांगतोय! हा मी आहे!”

“जवळचं माणूस गेलं की असं वाटतं,” आजी हळूच म्हणाल्या. “आमचे हे पण आरशात बघून ‘दादा आले’ म्हणायचे.”

मी पाकिटातून ओळखपत्र काढून दाखवलं. त्यावरचा टक्कल पडलेला, गाल सुटलेला माणूस आणि भिंतीवरचा तो तरुण ह्यांचा काय संबंध! मधुरा आतून फाईल घेऊन आली. “हे बघा काका. देणगीचा फॉर्म. हे तुमचंच अक्षर ना? ‘छायाचित्रातील व्यक्ती: गोविंद घाडी. हयात आहे काय: नाही.’ खाली सही, तारीख.”

अक्षर माझंच होतं. सही माझीच होती. माणूस स्वतःच्या सहीपुढे काय बोलणार?

“ताई, तुम्ही तरी सांगा,” मी म्हटलं.

ताई पुढे आल्या. चष्मा वर केला, फोटो पाहिला. सावकाश, अगदी बाजारात पापलेट बघतात तसा.

“मी नाही ओळखत ह्यांना,” म्हणाल्या.

संपलं, म्हटलं. गेला रविवार.

मग त्यांनी मधुराच्या हातून तो फॉर्म घेतला. खालची तारीख वाचली. पुन्हा वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“भावोजी, ही तारीख… आमच्या सुमनचा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.”

“असेल.”

“पुडकं सोडून बघितलंत नाही?”

मी मान हलवली.  ताईंनी पदराने चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला, आणि मधुराकडे वळल्या.

“बाय माझे, हा फोटो ह्यांचाच आहे. त्या दिवसांत ह्यांना काही कळत नव्हतं. तुझ्या माणसाने विचारलं असतं तर हा माणूस स्वतः ट्रकमध्ये चढून बसला असता. मी उगाच…” वाक्य तिथेच सोडून त्या म्हणाल्या, “बाबांचा फोटो ह्यांच्या घरी माळ्यावर असेल. रविवारी मी जाऊन काढते. ह्यांच्या हातात काही देऊ नको.”

रविवारी! ऐकलंत ना तुम्ही? मी ऐकलं. दोनदा.

तर मधुरा म्हणाली, ठीक आहे, पण दिलेली वस्तू परत न्यायची तर वेगळा फॉर्म. कारण लिहावं लागेल, आणि काका स्वतः काही लिहिणार असतील तर… म्हणजे आमच्याकडे त्यांच्याच सहीने ते… तेव्हा कोणा नातेवाइकाने लिहून दिलेलं बरं.

ताई खाटेवर बसल्या. ट्रंक पुढे ओढली, तिच्यावर कागद ठेवला, कारणाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘छायाचित्रातील व्यक्ती हयात आहे.’ सही करायला पेन टेकवलं आणि थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“सही करते हो मी ह्याच्यावर. नक्की ना, भावोजी?”

दहाबारा माणसं अनवाणी उभी राहून उत्तराची वाट बघत होती. अशा वेळी चटकन ‘हो’ म्हणावं की नाही? शाळेतल्या पोरालाही कळतं. पण मला काय झालं होतं कोण जाणे, मी आपला विचार करत राहिलो.

तोवर ताईंनी माझी वाट न बघता सही ठोकलीसुद्धा.