डावखुरी पंगत

मूकपटांतल्या विनोदी प्रसंगांच्या मूळ जागा शोधण्याचा नाद मला लागला, तेव्हा मी मारतहळ्ळीतल्या एका कंपनीत प्रतिमा-विश्लेषणाचं काम करत होते आणि राजाजीनगरात कानडी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबाच्या घरी, वरच्या मजल्यावर, भाड्यानं राहत होते. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. मीही म्हणू लागले. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी घरातून पळून जाऊन मूकपटांत विनोदी कामं केली, असं घरात सांगत. पुरावा नव्हता.

मग एका संग्राहकानं मला एका मूकपटाचा स्कॅन केलेला तुकडा पाठवला. पंगतीत घुसलेला आगंतुक पकडला जातो, पळत सुटतो आणि प्रचंड खडकात कोरलेल्या पायऱ्यांवरून गडगडत खाली येतो. अक्कांनी तो पाहिला, भिंतीवरचा वडिलांचा फोटो काढून लॅपटॉपशेजारी धरला. डाव्या गालावरचा व्रण दोन्हीकडे होता. "अण्णाच," त्या म्हणाल्या, आणि नातेवाइकांना फोन करत सुटल्या. शहरातल्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी मी याच तुकड्यावर बोलणार होते. कलाकाराची मुलगी म्हणून अक्कांनी पहिल्या रांगेत बसायचं ठरलं.

मला मात्र खडक हवा होता. जागा सिद्ध केल्याशिवाय व्यासपीठावर जाणं मला मान्य नव्हतं. सुट्टी मिळाली की स्कूटर काढायची, शहराबाहेर आनेकलपर्यंतचे खडक पालथे घालायचे, फोटो काढायचे, चित्रातल्या खडकावरच्या तिरक्या भेगेशी ताडून पाहायचे. एकही जुळेना. जेवताना, मीटिंगमध्ये, सिग्नलला थांबल्यावरही ती भेग डोळ्यांसमोरून हलत नसे.

भाषणाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी अक्का तो तुकडा पुन्हा पाहत होत्या. मध्येच हसू लागल्या. "स्वल्प थांबव गं. सगळी पंगतच डावखुरी! कुठल्या आयांनी वाढवली ही पोरं?"

मी पाहिलं. खरोखरच ओळीनं बसलेला प्रत्येक माणूस डाव्या हातानं जेवत होता. स्कॅन करताना फिल्म उलट्या बाजूनं लावली गेली होती. मी खोलीत धावले, चित्र आडवं पलटवलं, आणि पहिल्याच फेरीत बाद केलेला, शहराच्या दक्षिणेकडचा, अपार्टमेंटांमागे दडलेला खडक तंतोतंत जुळला. मी खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घालू लागले. व्रण आता उजव्या गालावर गेला आहे, हे त्यानंतर लक्षात आलं.

सकाळी, जागा सापडल्याचं कळताच, अक्का हट्टानं माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. वाटेत मी बऱ्याचदा तोंड उघडलं आणि रहदारीबद्दल बोलले. खडकापाशी पोचल्यावर त्यांनी पायरीवर हात ठेवला आणि अण्णा इथेच पडले ना, ते दाखव म्हणाल्या. फोनवर दोन्ही प्रती होत्या. मी सुलटी लावली आणि पंगतीपासून सगळं समजावून सांगितलं. नको तितकं नीट सांगितलं.

त्यांनी चित्र थांबवून गाल पाहिला. फोन माझ्या हातात दिला.

"मग हा कोण?"

"माहीत नाही, अक्का."

"तुझी जागा मिळाली ना? सरी, ठीक झालं." त्यांनी पदर सावरला. "उद्या मी येणार. पण मला मागे बसव. आणि फोन तू करायचेस, मी कळवलं होतं त्या सगळ्यांना. मी नाही करणार."

परतीच्या रिक्षात त्यांनी मला पहिला नंबर लावून दिला आणि त्या बाहेर पाहत बसल्या.