रस्त्यावर वाळत घातलेलं धान

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, असं मी म्हणणार नाही. आमचं बोलणं बंद होतं, एवढंच. मार्कंड्याच्या महादेवाचं दर्शन घेऊन परत येताना एका ट्रकचा धक्का लागला आणि आमच्या ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. जाताना असं झालं असतं तर मी मनाची काहीतरी समजूत घातली असती. पण परत येताना, प्रसादाचा नारळ पिशवीत असताना? ते मला काही केल्या गिळवलं नाही. त्यानंतर चामोर्शीहून मार्कंड्याला कुणासोबत गेले, तरी मी वैनगंगेच्या वाळूत बसून राहायची. बाकीचे आत जाऊन यायचे. घरी दिवा लावत होते, नाही असं नाही, पण शेजारणीशी अबोला असला तरी तिची वाटी परत करावी लागते, तसा.

देवाशी बोलणं तुटलं आणि मला दुसराच नाद लागला. प्रत्येक गोष्ट आधी ठरवायची. कोण कुठल्या रस्त्यानं जाणार, कुठे थांबणार, किती वाजता फोन करणार. हे घराबाहेर असले की मी एका जागी बसत नसे. चुलीवरचं उतरवून ठेवायचं, दारात जायचं, परत यायचं. 'देव नाई पाहून राह्यला त मीच पाहतो,' असं मी एकदा रागात सासूबाईंना म्हणाले होते. 

ह्यांचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. पाय गेल्यावर घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण गडचांदूरच्या एका मिस्त्रीनं त्यांच्या जुन्या व्हॅनला हातानं चालवायचे दांडे बसवून दिले. ब्रेक हातात, वेग हातात. त्या दिवसापासून ती व्हॅनच त्यांचा पाय. दरवर्षी दिवाळी झाली की ते भामरागडच्या बाजूला जातात, हेमलकशाच्या आसपासच्या गावांतली यंत्रं तपासतात आणि आठवडाभरानं परत येतात. त्या वर्षी चौथ्याच दिवशी फोन आला. व्हॅन हेमलकशाच्या अलीकडे बंद पडली होती. तिथल्या मेकॅनिकनं आत डोकावून हात जोडले. ते दांडे त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते. गाडी पाठीवर घालून आणणारं वाहन त्या वाटेला यायला तयार होईना. मग एकच उपाय उरला, टोचन. बंद गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेण्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. गाडी न्यायची होती थेट गडचांदूरच्या त्या मिस्त्रीकडे, म्हणजे जवळजवळ दोन जिल्हे ओलांडून.

ओढणाऱ्या गाडीचा प्रश्न नव्हता. माझा धाकटा भाऊ बंडू पिकअप चालवतो. प्रश्न मागच्या गाडीचा होता. बंद गाडीतही कुणीतरी स्टीअरिंगवर बसावं लागतं, आणि त्या दांड्यांवर ह्यांच्याशिवाय कुणाचा हात बसलेला नव्हता. इंजीन बंद असलं की ब्रेक दगडासारखा जड होतो. उतारावर मागची गाडी पुढचीवर आदळायला धावते. म्हणजे घाट नको, उतार नको आणि ट्रक तर मुळीच नको. मी फोनवर सांगितलं, "तुम्ही तिथीच बसा. रस्ता मी ठरवतो."

मी अंगणात बसून रांगोळीनं रस्ता काढला. भामरागडपासून आलापल्लीपर्यंत एक सरळ रेघ, कारण तिथे दुसरा पर्यायच नव्हता. कुणी एटापल्लीकडून जा म्हणालं. तिकडे डोंगर आणि खाणीचे ट्रक, दोन्ही. ती रेघ मी काढली आणि लगेच पुसली. आलापल्लीवरून आष्टीला येणाऱ्या मुख्य रस्त्यावरही लोखंडाच्या मातीचे ट्रक एकामागोमाग एक चालतात. म्हणून लगामपाशी मुख्य रस्ता सोडायचा, मुलचेऱ्याकडच्या खेड्यांतून धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, फिरून यायचं आणि एकदम आष्टीच्या पुलाजवळ निघायचं. पुलापलीकडे गोंडपिपरी, राजुरा. तिथे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक चुकत नाहीत, तर निदान ड्रायव्हर लोक धाब्यावर जेवायला बसतात तेव्हा तो टप्पा काढायचा. मी एसटीच्या कंडक्टरला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, मुलचेऱ्याला दिलेल्या नणंदेला विचारलं. नाल्यांवरचे रपटे किती, चढ कुठे, वळण केवढं. सगळं विचारून झालं. कोंबड्या रांगोळीवरून चालून गेल्या, मी रस्ता पुन्हा काढला. बंडू दारात उभा राहून हसत होता. "बाई, तू त कलेक्टरच झाली न वं," म्हणाला. मला हसू आलं नाही.

आम्ही हेमलकशाला पोचलो तेव्हा हे व्हॅनच्या दारात बसून कुणाच्या तरी यंत्राचं चाक घासत होते. ह्यांना घाई म्हणून कशाची नसते. बंडूनं चामोर्शीला बनवून घेतलेला लोखंडी रॉड दोन्ही गाड्यांना जोडला. पिकअपच्या बाजूला वरून एक जाड बोल्ट आरपार, खाली नट. व्हॅनची बॅटरी शाबूत होती, म्हणून हॉर्नची खूण ठरली. एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. मी पिकअपमध्ये बंडूच्या शेजारी बसले, पण तोंड मागेच. काचेतून ह्यांचा चेहरा दिसत होता, आणि माझा सगळा जीव त्या रॉडवर टांगलेला होता.

पेरमिलीच्या अलीकडे जंगलात एक झाड आहे. त्याच्या खोडाला, फांद्यांना नुसत्या चिंध्या बांधलेल्या. त्या वाटेनं जाणारा गाडीवाला थांबतो, गाडी पुसायच्या फडक्याची एक पट्टी फाडून बांधतो, हात जोडतो आणि मग पुढे जातो. चिंध्यांचा देव. ह्यांनी आजवर तिथे थांबल्याशिवाय गाडी पुढे नेली नाही. झाड दिसलं तसे मागून दोन हॉर्न आले. बंडूनं वेग कमी केला. मी म्हणाले, "चाल, थांबू नको. टाइम हुकला त राजुऱ्याचे ट्रक निघतीन." मागून पुन्हा दोन हॉर्न. बंडूनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बोट दाखवलं. काचेतून ह्यांचा चेहरा पाहिला, तर त्यांनी रागावण्याऐवजी चालत्या गाडीतूनच झाडाकडे बघून मान लववली. त्याचाही मला राग आला.

आलापल्ली गेलं, लगाम आलं, मुख्य रस्ता सुटला. ट्रकचा आवाज बंद झाला आणि मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, रस्ता सरळ, चढ नाही. माझा रस्ता! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते तोच एका गावाच्या तोंडाशी बंडूनं करकचून ब्रेक मारला. समोर डांबरी रस्त्यावर, दिसेल तिथवर, धान वाळत घातलेलं होतं. अर्धा रस्ता धानानं व्यापलेला, कडेनं दगड मांडलेले, आणि उरलेल्या अर्ध्यात ट्रॅक्टर सोडवून नेलेली नुसती ट्रॉली उभी.

मी कपाळाला हात लावला. कापणी झाली की आम्ही सगळेच रस्त्यावर धान वाळवतो. आठवड्यापूर्वी माझ्याच माहेरचं धान असंच रस्त्यावर होतं आणि एका मोटारवाल्याला मीच चार शब्द सुनावले होते. चढ विचारले, उतार विचारले, पूल विचारले. पण खेड्याचा रस्ता या दिवसांत रस्ता नसतो, खळं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. परक्या मुलखातल्या माणसाची चूक एक वेळ समजून घेता आली असती. मी तर धानातच वाढलेली.

ब्रेक लागेपर्यंत पिकअप धानात शिरली होती, मागचा रॉड आणि व्हॅनचं तोंडही धानावर आलं होतं. घराच्या ओसरीवरून एक म्हातारी हातात खराटा घेऊन आली ती बोलतच. "दिसत नाई का? डोये फुटले का तुमचे? तेल सांडते न ह्या गाडीचं! कोन खाईन हे धान?" व्हॅनखालून खरंच तेल गळत होतं. मी खाली उतरले. माफी मागायची सोडून मी तिच्याशी भांडले. रस्ता सरकारचा आहे, आम्हाला उशीर होतो, आजारी गाडी आहे, मागे पाय नसलेला माणूस बसला आहे, काय वाटेल ते बोलले. ती म्हणाली, "त उडून जा न मंग." व्हॅनमध्ये हे चक्क हसत होते. शेवटी हेच खिडकीतून म्हणाले, "आजी, तुमी सांगा तसं करतो जी. धान तुमचं हाय." तशी ती जरा नरमली. पण आम्ही कुणी धानाला हात लावलेला तिला चालेना. तिनं फावड्यानं स्वतः धान बाजूला ओढायला घेतलं, मग खराटा. हळूहळू, दाणा न् दाणा. मी रस्त्यावर येरझारा घालत होते. राजुऱ्याची वेळ हातातून जात होती आणि ती बाई गाडीच्या चाकांमागून, रॉडखालून धान झाडत होती.

मग ती पुन्हा ओरडली. "आता हे का टाकून राह्यले माह्या धानात? खडे येचू येचू हात दुखते, त्याच्यात लोखंड बी तुमचंच!" आणि तिनं ते माझ्या अंगावर भिरकावलं. माझ्या पायाशी येऊन पडला तो एक नट होता.

बंडूनं तो उचलला, हातात फिरवला आणि एकदम रॉडपाशी खाली बसला. बोल्ट अर्ध्याहून जास्त वर आला होता. खाली त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं.  "बाई," तो एवढंच म्हणाला. पुढे थोड्याच अंतरावर आष्टीचा पूल होता, खाली वैनगंगा, आणि पुलावर माझ्या रांगोळीत न मावलेले ट्रक. डांबरावर नट पडला असता तर तो आवाज कुणाला ऐकू आला नसता. धानात पडला म्हणून तो तिथेच राहिला आणि म्हातारीच्या खराट्याला लागला. मी व्हॅनजवळ गेले आणि खिडकीतून ह्यांचा हात धरला.  त्यांनी विचारलं, "का झालं?" मी सांगितलं. ते हळूच म्हणाले, "थांबवलं त्यानं."

बंडूनं नट घट्ट बसवला, वर तारेचे वेढे दिले. म्हातारीला यातलं काहीच कळलं नाही. तिची वाट करून झाली होती. "जा आता, हळू जा," असं ती खराटा झटकत म्हणाली आणि ओसरीवर गेली. आम्ही निघालो. पूल आला तेव्हा मी मागे पाहत नव्हते. डोळे मिटून घेतले होते आणि किती तरी वर्षांनी महादेवाचं नाव माझ्या तोंडून आपसूक येत होतं. मागितलं काही नाही. आता मागायला काही उरलंच नव्हतं. राजुऱ्याला ट्रक भेटलेच, भरपूर भेटले, आणि आम्ही त्यांच्यामधून मुंगीच्या पावलांनी गडचांदूरला पोचलो.

हा चमत्कार की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला इतकंच दिसलं की ज्या चुकीबद्दल मी स्वतःला शिव्या देत होते, त्या चुकीवरच आम्ही थांबलो, आणि जिच्याशी मी भांडले तिनंच माझा माणूस मला परत दिला, तोही शिव्या देत. कृपा नेहमी गोड तोंडानं येते असं मला वाटायचं. मी आजही रस्ता ठरवते, खोड जात नाही. पण ठरवून झालं की हात जोडते आणि म्हणते, माझं झालं, आता तुझं.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी ह्यांना त्या गावाला घेऊन जायला सांगितलं. म्हातारीसाठी लुगडं घेतलं होतं. गाव सापडलं, पण रस्ता मोकळा होता. धान पोत्यांत गेलं होतं. ओसरी असलेली घरं बरीच होती आणि सगळी सारखीच वाटत होती. दोन-चार ठिकाणी विचारलं. लोक म्हणाले, "धान त इथी सगळेच वाळवते बाई, कोन्ती म्हातारी सांगावं?" डांबराच्या कडेला धानाचा थोडा कोंडा उरला होता. मी तिथेच वाकून रस्त्याला हात लावला. मग आम्ही पेरमिलीच्या वाटेला लागलो. चिंध्यांच्या झाडापाशी मी त्या नव्या लुगड्याचा काठ फाडला, फांदीला बांधला आणि उभी राहिले. महादेवाला म्हटलं, अबोला मी धरला होता, तू नाही. किती वेळ गेला कळलं नाही. मागून हॉर्न आला, एकदा, मग पुन्हा. आता घाई ह्यांना झाली होती. मी हातानंच खूण केली, थांबा.