हरीन तर मारुतीकडूनच

सिनेमाचं शूटिंग म्हणजे काम थोडं आणि वाट बघणंच जास्त. आज लाइट नाही, उद्या लाइट आहे पण कॅमेरा नाही, परवा दोन्ही आहेत तर हीरोला रजा नाही! आणि चार माणसं एका झाडाखाली वाट बघत बसली की किस्से जमणारच. आमच्या युनिटकडे ते इतके जमलेत की कुणाच्या लग्नाला गेलो तरी पंगतीत हाक येतेच, "तातूबाब, तें बॉक्सिंगाचें सांग मरे!" मग माझा भात निवतो, सोलकढी संपते आणि मी आपला सांगत बसतो.

मी पेडण्याचा. रंगभूषा करतो. दशावतारात राक्षसाला मिश्या, जत्रेच्या नाटकात राजाला टिळा, हा माझा धंदा. साखळीचे पुंडलिक सर हायर सेकंडरीत मराठी शिकवायचे आणि नाटकं बसवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी बॉक्सिंगवर सिनेमा काढला तेव्हा मला बोलावून म्हणाले, "तातू, या वेळी कुणाला सुंदर करायचं नाही. फक्त डोळे सुजवायचे!"

गोष्ट साधी. खाणीवर ट्रक चालवणारा एक गरीब माणूस बॉक्सर होतो, फायनलपर्यंत पोचतो आणि हरतो. संपला सिनेमा. हीरो आमचा उदय, साखळीचाच. तरुणपणी हा खरोखरचा बॉक्सर होता. खरोखर राज्याच्या फायनलला गेला होता आणि खरोखरच हरला होता! नंतर खाणीवर टिपर चालवला, खाण बंद पडली तेव्हापासून शाळेची बालरथ बस चालवतो. सरांनी गोष्ट त्याच्यावरूनच रचलेली.

०

हीरो मिळाला, पण त्याला हरवणारा मिळेना. जिममधली पोरं यायची. दंड फुगवलेले, मानेवर टॅटू, केसांना जेल. सर एकेकाला उभं करायचे आणि उदय मान हलवायचा. नको.

शेवटी सर वैतागले. "अरे, सिनेमाच आहे ना? कोणी का हरवेना!"

उदय म्हणाला, "सर, हरीन तर मारुतीकडूनच. दुसऱ्या कोणाकडून हांव हरचों ना!"

मारुती म्हणजे खऱ्या फायनलमध्ये ज्याने त्याला हरवलं होतं तो. मूळचा बेळगावकडचा. त्याचे वडील बांधकामाच्या कामावर डिचोलीला आले आणि इथेच राहिले. आता मारुती पेडण्यात एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. पत्ता काढून आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. दार त्यानेच उघडलं. त्या फायनलनंतर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. आता दोघांचीही पोटं सुटलेली, केस पिकलेले.

मारुतीने आधी उदयला नीट न्याहाळलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्यावर राग न्हाई न्हवं?"

"राग ना," उदय म्हणाला. "परत खेळूया?"

मारुती एवढा मोठ्याने हसला की शेजारची बाई डोकावली. "आता कशाला गा? गुडघं वाजत्यात माझं!"

"बरं, मग सिनेमात काम कर!"

असा आम्हाला व्हिलन मिळाला.

०

सिनेमा चालला हो! पणजीत चालला, साखळीत चालला, मोरजीला तर देवळाच्या मांडवात पडदा लावून दाखवला. पण त्याचा त्रास झाला बिचाऱ्या मारुतीला.

एका रविवारी तो हरमलला मासळी घ्यायला गेला. कोळणीच्या पाटीत बांगडे असे चकचकत होते! मारुतीने भाव विचारला. तिने वर बघितलं आणि पाटीवर फडकं टाकलं.

"तुका नुस्तें ना!" म्हणजे, तुला मासळी नाही.

"आवं, पण हे काय समोर दिसतंय की!"

"आमच्या उदयाक मारताना लाज दिसली ना? वच!"

शेजारच्या दोघींनीही पाट्या झाकल्या. मारुती हात हलवत परत आला आणि थेट सरांना फोन लावला. "सर, दुसरा पार्ट काढा. आन् औंदा मला पाडाच! घरात नुसती डाळ खाऊन जीव विटलाय."

सर सगळ्यांना सांगत फिरायचे की सीक्वेल लोकाग्रहास्तव काढतोय. आम्हाला ठाऊक होतं, तो बांगड्यांसाठी काढला!

०

दुसऱ्या भागात हीरो परत त्याच माणसाशी खेळतो आणि जिंकतो. आता जिंकायचं तर आधी मेहनत दाखवायला पाहिजे. म्हणून मोरजीच्या किनाऱ्यावर सकाळी धावण्याचा सीन ठेवला. एका बाजूला कासवांच्या अंड्यांसाठी दोरी बांधून जागा राखलेली, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून उदय धावतोय. कॅमेरा लांब जीपवर.

कुठूनसा एक गोरा आला आणि उदयच्या बाजूने धावायला लागला. उंच, उघडा, दाढीवाला. उदयने हात उडवले, त्यानेही उडवले. उदयने हवेत ठोसे मारले, त्यानेही मारले! उदय रोलमध्ये असल्यामुळे थांबेना, आणि गोऱ्याला वाटलं असणार की हा सकाळचा क्लास आहे. दोघे पार खडकापर्यंत गेले. तिथे गोऱ्याने उदयला मिठी मारली आणि पाण्यात शिरला.

कॅमेरामन हळहळला. "सर, परत घ्यायला पाहिजे. लोक विचारतील हा कोण म्हणून."

सर म्हणाले, "मोरजीच्या किनाऱ्यावर शूटिंग आहे बाबा, गोरे दिसणारच. इथे कोणी विचारणार नाही!"

तो शॉट तसाच आहे सिनेमात. आणि खरंच, अजून कोणी विचारलेलं नाही.

०

सिनेमात सगळं उलटंसुलटं शूट होतं. रिंग यायला उशीर होता, म्हणून सरांनी जिंकल्यानंतरचे सीन आधी उरकायला घेतले. म्हणजे मॅच व्हायच्या आधीच उदयची विजयाची मिरवणूक! साखळीच्या बाजारात ढोल, गुलाल, खांद्यावर उदय. मी त्याचा डावा डोळा सुजवलेला. पापणीवर मेण, त्यावर जांभळा, कडेला थोडा पिवळा. गालावर चीर. सांगू नये, पण काम झकास झालं होतं.

दुपारी पॅकअप झालं. मी खोबरेल घेऊन त्याचा मेकअप उतरवायला बसलो, तर उदय गायब.

शोधत गेलो तर बसस्टँडजवळच्या हॉटेलात पाव-भाजी खात बसलेला. डोळा तसाच, गालावरची चीर तशीच. येणारा-जाणारा थांबून विचारतोय आणि हा सांगतोय. मला वाटलं, लोकांची गंमत करतोय. बाजूला बसलो आणि म्हटलं, "अरे, चल. उतरवूया तें. घाम येईल तसं वितळेल."

"मातशें राव तातूबाब, थांब जरा," तो म्हणाला. "तेव्हा हरून आलो तेव्हाही डोळा असाच होता. इथूनच चालत घरी गेलो. सगळे विचारत होते, कोण जिंकलो? माझ्या तोंडातून शब्द फुटेना."

"आणि आज?"

"आज सगळ्यांना सांगितलं, हांव जिंकलों!"

एवढं बोलून त्याने आणखी एक पाव मागवला. मी खोबरेलाची बाटली पिशवीत घातली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

०

उदयची बायको सुनंदावहिनी. सरांना वाटलं, हीरोच्या बायकोचं काम हिलाच द्यावं. ती म्हणाली, "नको सर. माझं ते काम घरी रोज चालतं."

तरी डबा घेऊन सेटवर यायची. एकदा आम्ही तिला विचारलं, लग्न ठरलं तेव्हा उदय तुमच्याशी पहिलं काय बोलला होता? आमची अपेक्षा काहीतरी गोड ऐकायला मिळेल.

"पोहे खाऊन झाले. मोठी माणसं बाहेर गेली. मला वाटलं आता विचारतील, स्वयंपाक येतो का, शिक्षण किती. हे म्हणाले, 'तिसऱ्या राउंडला माझा डावा हात खाली गेला, नाहीतर मी जिंकलो होतो.'"

आम्ही हसून हसून लोळलो. ती मात्र हसली नाही. "तेव्हापासून ऐकतेय. पोरं झाली, ती शिकून नोकरीला लागली. कढी वाढताना डावा हात, पोळी वाढताना डावा हात!"

त्याच दिवशी दुपारी फाइटचा सीन होता. बंद खाणीच्या वर्कशॉपची शेड आम्हाला मिळाली होती, तिथे रिंग उभी केलेली. सीनमध्ये मारुतीचा ठोसा उदयला बसायला हवा होता. ॲक्शन झालं, मारुती पुढे सरकला, आणि मागून सुनंदावहिनी ओरडली, "अहो, डावा हात वर!"

उदयने हात वर घेतला. ठोसा ग्लोव्हवर बसला. शॉट फुकट!

सर म्हणाले, "वहिनी, इथे त्याला मार खायचा आहे!"

"का? एकदा खाल्ला तेवढा पुरे नाही का?"

०

हसायचं सोडा, पण उदयचा एक नेम होता. शॉटच्या मध्ये थोडा वेळ मिळाला की तो मारुतीजवळ जाऊन बसायचा आणि हळूच म्हणायचा, "एक राउंड. खरो. कॅमेरा बंद करून." मारुती दर वेळी टोलवायचा. कधी गुडघा पुढे करायचा, कधी ब्लडप्रेशर.

एकदा मात्र तो चिडला. मी त्याच्या भुवईवर रक्त लावत होतो. माझा ब्रश बाजूला सारून तो म्हणाला, "उदय, तुला वाटतं मी जिंकून लई मिळवलं? कप घेऊन घरी गेलो, तर बा आजारी. पुढच्या सोमवारी सिमेंटची पोती उचलाय लागलो. मला वाटायचं कुणीतरी बोलवाय येईल, म्हणेल चल, पुढं खेळायचं हाय. कोण न्हाई आलं. तू हरलास म्हणून तुला अजून खेळावं वाटतंय. माझं ते वाटणंच मेलं. आता कशाला उकरतोस?"

उदय म्हणाला, "हांव येवंक जाय आशिल्लों." मी यायला हवं होतं.

मी म्हटलं, डोळ्यांत रंग गेलाय का रे मारुती, थांब. तो म्हणाला, हो, गेलाय.

०

आता शेवटचं ऐका.

शेवटच्या दिवशी शेवटचा शॉट. उदयचा ठोसा, मारुती खाली, उदयचा हात वर. आजूबाजूच्या गावांतून प्रेक्षक म्हणून आणलेली माणसं शेडमध्ये भरलेली. सरांनी सांगितलं होतं, ओरडा. पण ती अशी काही ओरडली की पत्रे थरथरले. माणसं खुर्च्यांवर चढली, हरमलहून खास आलेल्या कोळणी टाळ्या पिटत होत्या. कट म्हटलं तरी थांबेनात.

मारुती रिंगमध्ये पडलेलाच. मी हात द्यायला गेलो तर तो पत्र्याकडे बघत होता.

"लागलं काय रे?"

"न्हाई," तो उठून बसला. "च्यायला, तातूबाब, पडल्यावर एवढं वाईट वाटतंय व्हय? खोटं पडलो तरी?"

मग उभा राहिला आणि उदयला म्हणाला, "चल. एक राउंड. खरा."

सरांनी कॅमेरा बंद करायला लावला. लोक निघून गेले होते, उरलो आम्ही युनिटवाले. घंटा झाली आणि दोन पोटसुटे, पिकल्या केसांचे गडी एकमेकांसमोर आले. सुरुवातीला आम्हाला हसू आलं. मग कुणी हसेना. सिनेमात ठोशाचा आवाज नंतर टाकतात. खरा आवाज वेगळाच असतो हो, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मारुतीने आधी चांगला चोपला उदयला. पण मग उदय जो आत शिरला, तो मागे हटलाच नाही. मारुतीची पाठ दोरीला लागली. नाकातून रक्त आलं. सुनंदावहिनी खुर्चीची पाठ धरून उभी होती, तोंडातून चकार शब्द नाही. घंटा झाली.

कोण जिंकलं ते आंधळ्यानेही सांगितलं असतं. मारुतीने स्वतःच उदयचा हात वर धरला. "यल्लम्माची शपथ, मी सोडलं न्हाई. तू जिंकलास."

आम्ही उड्या मारल्या. पण उदय? नाचला नाही, ओरडला नाही. ग्लोव्ह काढले, घोटभर पाणी प्याला, "बरें जालें" म्हणाला आणि बायकोला स्कूटरच्या मागे बसवून घरी गेला. पुढे फोन केला तरी हो-नाही एवढंच. बालरथ चालवायचा, घरी येऊन व्हरांड्यात बसायचा. सुनंदावहिनी मला म्हणाली, "तातूबाब, आता जेवताना एक शब्द बोलत नाहीत. ताटात बघून जेवतात आणि उठतात. मलाच करमत नाही!"

मग एका सकाळी उदय खाकी घालून बस पुसत होता. पोरांना आणायला निघायची वेळ. समोर मोटारसायकल थांबली. मारुती! पेडण्याहून साखळीपर्यंत तसाच आलेला, कारखान्याचा शर्ट अंगात, नाक अजून थोडं सुजलेलं. उतरला, उदयसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कवा?"

"कितें कवा?"

"परत. मला झोप लागंना झालीय. मला परत खेळायचं हाय तुझ्यासंगं. कवा खेळायचं, सांग!"

उदयच्या हातातलं फडकं खाली पडलं. मग तो बालरथाच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. आवाज ऐकून सुनंदावहिनी बाहेर धावली. मारुती दोन्ही हात वर करून मागे सरकत होता.

"वैनी, म्या काय केलं न्हाई वो! नुसतं कवा म्हटलं!"